वळसा किती? : भूमितीय स्पॅनर आलेखांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून पलीकडचे मांडवा सरळ रेषेत मोजले, तर पंधरा किलोमीटरच्या आत भरते. गाडीने जायचे तर खाडी ओलांडून, पनवेल आणि पेण करत शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता कापावा लागतो. ठिकाणे तीच दोन. पण रस्त्याच्या अंतराला सरळ अंतराने भागले की उत्तर सहाच्या पुढे जाते. हा भागाकार म्हणजे वळसा किती पडला याचे माप, आणि या पुस्तकाचा सगळा विषय त्या एका मापाभोवती फिरतो.

खाडी, डोंगर, जमिनीची मालकी या अडचणी बाजूला ठेवू आणि प्रश्न कोऱ्या कागदावर आणू. कागदावर काही बिंदू दिले आहेत. कोणत्याही दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडायची मुभा आहे. प्रत्येक बिंदू प्रत्येकाला जोडला तर वळसा कोणालाच पडणार नाही, पण 1000 बिंदूंसाठी 4,99,500 दुवे लागतील. एवढे दुवे बांधणे तर सोडाच, संगणकाच्या स्मृतीत साठवणेही बिंदूंची संख्या वाढू लागली की परवडत नाही. मग मोजकेच दुवे ठेवून असे वचन देता येईल का, की कोणतीही जोडी निवडा, जाळ्यातून जाणारी सर्वांत छोटी वाट सरळ अंतराच्या ठरावीक पटीपेक्षा लांब असणार नाही? ही पट t असेल, तर त्या जाळ्याला t-स्पॅनर म्हणतात. सर्व जोड्यांमधला सर्वांत वाईट वळसा म्हणजे त्या जाळ्याचा वळसा-गुणक. t जितका 1 च्या जवळ, तितके जाळे सरळ अंतरांशी प्रामाणिक.

या व्याख्येतला ‘कोणतीही जोडी’ हा भाग नव्या वाचकाने घट्ट धरून ठेवावा. सरासरी वळसा कमी राखणे तुलनेने सोपे असते. बहुतेकांना बरा रस्ता आणि कोपऱ्यातल्या दोघांना मैलोन्‌मैल फेरा, अशा जाळ्याचीही सरासरी छान दिसते. स्पॅनरच्या अभ्यासाला ती सवलत मान्य नाही. मला हा विषय प्रिय आहे तो मुख्यतः या कडकपणामुळे. कोणाला वगळून हिशेब जुळवायचा नाही, हे बंधन घातल्यावरच इथले गणित खोल होत जाते.

सर्वांत स्वस्त जाळे पहिल्यांदा मनात येते, म्हणून त्याचे काय होते ते जरा थांबून पाहू. सर्व बिंदू जोडले जातील आणि दुव्यांची एकूण लांबी कमीत कमी भरेल, अशा जाळ्याला किमान जोडणी-वृक्ष म्हणतात. एका वर्तुळावर समान अंतराने 100 बिंदू मांडा. त्यांचा किमान जोडणी-वृक्ष म्हणजे शेजाऱ्याला शेजारी जोडत जाणारी माळ, फक्त एके ठिकाणी तुटलेली. त्या तुटलेल्या जागेच्या दोन टोकांचे बिंदू अगदी शेजारी आहेत, पण जाळ्यातून एकमेकांकडे जायचे तर 99 दुवे चालत पूर्ण वर्तुळाला फेरी मारावी लागते. वळसा-गुणक 99. बिंदू वाढवा, तो तसाच वाढत जाईल. मधोमध एक केंद्र ठेवून सगळे त्याला जोडले तरी शेजाऱ्यांची अडचण सुटत नाही; वीतभर अंतरासाठी केंद्रापर्यंत जाऊन परत यायचे. वृक्ष कोणताही काढा, या शंभर बिंदूंवर तो कुठेतरी फसतोच. त्यात थोडे जादा दुवे हवेत. किती, आणि ते कुठे टाकायचे?

या क्षेत्रातल्या जवळपास सर्व कामामागे मला एकच प्रश्न दिसतो: फक्त आसपासचे पाहून केलेली दुव्यांची निवड दूरवरच्या अंतरांचा हिशेबही राखते का? काही रीतींत ती राखते, काहींत नाही, आणि काही रीतींत ती राखते हे सिद्ध करायला वीस-पंचवीस वर्षे गेली.

इतिहासाची सुरुवात 1986 मानायला हरकत नाही. त्या वर्षी अमेरिकेत यॉर्कटाउन हाइट्स इथे भरलेल्या संगणकीय भूमितीच्या परिषदेत पॉल च्यू यांनी दाखवले, की एकमेकांना कुठेही न छेदणाऱ्या दुव्यांचे असे जाळे काढता येते ज्यात वळसा √10 पटीच्या, म्हणजे साधारण 3.16 च्या वर जात नाही. अशा न छेदणाऱ्या जाळ्यात 1000 बिंदूंना फार तर 2994 दुवे असू शकतात. पाच लाखांचे काम तीन हजारांच्या आत, आणि तरीही प्रत्येक जोडीला हमी. च्यू यांचे जाळे म्हणजे देलोने त्रिकोणीकरणाचा एक प्रकार होता; त्यात वर्तुळाच्या जागी चौरस वापरला होता.

हे त्रिकोणीकरण रशियन गणितज्ञ बोरिस देलोने यांनी 1934 साली मांडले. तीन बिंदूंमधून जाणारे वर्तुळ काढा; त्याच्या पोटात दुसरा एकही बिंदू नसेल तर त्या तिघांचा त्रिकोण ठेवा, असेल तर टाकून द्या. एवढाच नियम. त्याची दुसरी बाजू म्हणजे व्होरोनॉय आकृती: प्रत्येक बिंदूला कागदाचा तेवढा भाग द्यायचा, जो इतर कोणत्याही बिंदूपेक्षा त्याला जवळ आहे. ज्या दोन भागांची हद्द सामाईक, त्यांच्या मालक-बिंदूंमध्ये देलोनेचा दुवा. गिओर्गी व्होरोनॉय यांचे या विषयावरचे काम 1908 चे. नकाशे, हवामान, यंत्रांच्या भागांवरचा ताण मोजणे अशा अनेक ठिकाणी ही जोडी वापरली जात होती, पण या जाळ्यावरून चालत गेले तर वळसा किती पडेल, हे कोणी विचारले नव्हते. च्यू यांच्यानंतर वर्षभरातच डेव्हिड डॉबकिन, स्टीव्हन फ्रीडमन आणि केनेथ सुपोविट यांनी मूळच्या वर्तुळवाल्या देलोनेचे उत्तर दिले: फार तर π(1+√5)/2, म्हणजे 5.08.

या सिद्धतेचा गाभा इथेच दाखवतो. कागद-पेन्सिल घेऊन सोबत आकृती काढली तर जास्त मजा येईल. a आणि b हे दोन बिंदू घ्या आणि त्यांना जोडणारी सरळ रेषा आखा. ही रेषा एकेका व्होरोनॉय भागातून जात जात a पासून b पर्यंत पोचते. ज्या क्रमाने भाग लागतात, त्याच क्रमाने त्यांच्या मालक-बिंदूंना भेट देत चला. लागोपाठच्या दोन मालकांत देलोनेचा दुवा असतोच, म्हणजे ही जाळ्यातली खरी वाट झाली. आता रेषा जिथे एक हद्द ओलांडते, तो छेदबिंदू दोन्ही मालकांपासून सारख्या अंतरावर आहे. तिथे केंद्र धरून दोघांमधून जाणारे वर्तुळ काढा. अशा वर्तुळांची एक रांग तयार होते. सर्वांची केंद्रे रेषेवर, पहिले a मधून जाणारे, शेवटचे b मधून. समजा वाटेतले सर्व बिंदू रेषेच्या वरच्या बाजूलाच आहेत. मग प्रत्येक दुवा ही एका वर्तुळाची जीवा, आणि जीवा तिच्या कंसापेक्षा लांब नसते. या वर्तुळांचा मिळून जो वरचा बाह्य काठ तयार होतो, त्याची लांबी a-b अंतराच्या π/2 पटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. एकच वर्तुळ असेल तर ते अर्धवर्तुळ, आणि त्याची लांबी व्यासाच्या π/2 पट. म्हणून वळसा 1.5708 च्या आत.

अडचण एकच. बिंदू कधी रेषेच्या वर, कधी खाली असतात, आणि प्रत्येक वेळी रेषा ओलांडताना लांबी वाया जाते. डॉबकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाली उतरणारी वाट फार महाग पडेल तिथे वरूनच जाणारी दुसरी वाट शोधली, आणि तिची किंमत मोजताना सुवर्णगुणोत्तर येऊन बसले. π गुणिले सुवर्णगुणोत्तर, हे उत्तर मला आजही सुंदर वाटते, जरी ते अंतिम नाही.

ते अंतिम नाही हे लवकरच कळले. मार्क कील आणि कार्ल गटविन यांनी ही मर्यादा 2.42 पर्यंत खाली आणली. त्यानंतर जवळजवळ दोन दशके सर्वसाधारण बिंदूंसाठी तो आकडा हलला नाही. 2011 मध्ये गे शिया यांनी तो 1.998 वर आणला. पहिल्यांदाच दोनच्या आत. दुसऱ्या बाजूने, याहून चांगले होणारच नाही असे सांगणारी उदाहरणेही शोधली जात होती. वर्तुळावर बिंदू दाट मांडले आणि त्रिकोणीकरणाच्या आतल्या रेषा सगळ्या उभ्या निघाल्या, तर डाव्या टोकाकडून उजव्या टोकाकडे जायला अर्धे वर्तुळच चालावे लागते, वळसा π/2. हीच सर्वांत वाईट स्थिती असणार, असे बराच काळ मानले जात होते. 2009 च्या सुमारास प्रोसेनजित बोस, लुक देवरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1.5846 चा वळसा देणारी मांडणी दाखवून तो समज मोडला. पुढे शिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1.5932 गाठले. बोस यांच्या निबंधात आणखी एक गोष्ट होती जी मला त्या आकड्याहून मोलाची वाटते. पुरेसे बिंदू यदृच्छेने टाकत गेलो, तर सर्वांत वाईट स्थिती कुठेतरी, आपोआप, जवळपास तशीच तयार होते. म्हणजे वाईट उदाहरण हे केवळ गणितज्ञाने मुद्दाम रचलेले नसते. मोठ्या पसाऱ्यात ते हजर असते.

खरा आकडा 1.5932 आणि 1.998 यांच्यामध्ये कुठेतरी आहे. आणि गंमत अशी, की वर्तुळाच्या जागी समभुज त्रिकोण वापरला तर अचूक उत्तर 2 आहे, हे च्यू यांनीच पुढे दाखवले होते. चौरस वापरला तर अचूक उत्तर √(4+2√2), साधारण 2.61; ते निकोला बोनिशॉ, सिरिल गावॉय, निकोला आनुस आणि ल्युबोमिर पेर्कोविच यांनी 2012 मध्ये काढले. कोपरे असलेल्या आकृत्यांची कोडी सुटली. सर्वांत सममित, सर्वांत ओळखीच्या वर्तुळाचे सुटलेले नाही.

देलोनेचे घराणे सोडून दुसऱ्या परंपरेकडे जाऊ. तिची कल्पना सांगायला आणखी सोपी आहे. प्रत्येक बिंदूभोवतीचा प्रदेश समान कोनांच्या फाकांमध्ये वाटा, आणि प्रत्येक फाकेत जो बिंदू सर्वांत जवळ असेल त्याला एक दुवा टाका. अँड्र्यू याओ यांनी 1982 मध्ये ही रचना किमान जोडणी-वृक्ष लवकर काढण्यासाठी वापरली होती. 1987-88 मध्ये केनेथ क्लार्कसन आणि मार्क कील यांनी तिच्या जवळच्या बहिणीचा अभ्यास केला: तिच्यात ‘जवळ’ हे फाकेच्या मध्यरेषेवरच्या प्रक्षेपाने ठरते. या दुसऱ्या रचनेला थीटा आलेख म्हणतात. हमी कुठून येते ते याओ आलेखात पटकन दिसते. u पासून v कडे जायचे आहे; v ज्या फाकेत आहे, त्या फाकेतल्या जवळच्या w कडे जा. फाक अरुंद असेल तर दिशा फार चुकत नाही, आणि टाकलेल्या प्रत्येक पावलाचा ठरावीक हिस्सा तरी उरलेल्या अंतरातून वजा होतोच. फाकेचा कोन θ असेल तर हा हिस्सा किमान 1−2sin(θ/2), म्हणून एकूण वळसा त्याच्या व्यस्तापेक्षा जास्त नाही. 12 फाका केल्या तर वळसा 2.07 च्या आसपास, 24 केल्या तर 1.35 च्या आसपास, 60 केल्या तर 1.12. हवी तेवढी अचूकता, दुव्यांच्या बदल्यात. असा उघड, मोजूनमापून केलेला सौदा देलोनेत मिळत नाही. तिथे जाळे एकच आणि मिळेल तो आकडा घ्यायचा.

पण बरोबर 6 फाका घेतल्या की कोन 60 अंशांचा होतो आणि सूत्रातला छेद शून्य होतो. सूत्र गप्प बसले म्हणजे जाळे वाईट ठरले असे नाही. सिद्धतेची ती युक्ती संपली एवढेच. इथून पुढची गोष्ट या विषयातली सर्वांत चिवट कामे दाखवते. 6 फाकांच्या थीटा आलेखातल्या एकाआड एक फाका घेतल्या, तर समोर उभे राहते ते च्यू यांचे त्रिकोणावर बेतलेले देलोनेच. हे 2010 मध्ये लक्षात आले, आणि वळसा-गुणक 2 अलगद हाती आला. दोन घराणी वीस वर्षे शेजारी राहून एकमेकांना ओळखत नव्हती. 5 फाकांचा आलेखही स्पॅनर निघाला. 4 फाकांसाठी पहिली सिद्ध झालेली मर्यादा 237 होती. एवढी मोठी पट व्यवहारात निरुपयोगी आहे, पण ‘अमर्याद नाही’ हे ठरायलाच 2013 उजाडले. पुढे ती 17 पर्यंत उतरली. 7 च्या खाली ती जाऊ शकत नाही हेही माहीत आहे. 3 फाकांवर मात्र हमी पूर्ण कोसळते. जाळे जोडलेले राहते, पण वळसा हवा तेवढा वाढवता येतो. या छोट्या आकड्यांच्या मागे लागलेल्यांत कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाचा गट ठळक आहे, आणि त्यांचे निबंध वाचताना एकेका दशांशासाठी किती आकृत्या काढाव्या लागल्या असतील, याची कल्पना येते.

तिसरी रीत हावरी म्हणून ओळखली जाते. सर्व जोड्या अंतराच्या चढत्या क्रमाने लावा. एकेक जोडी उचला; आतापर्यंतच्या जाळ्यातून तिची वाट t पटीच्या आत असेल तर पुढे जा, नसेल तर थेट दुवा टाका. वळशाची अट इथे बांधकामातच भरलेली असते, त्यामुळे जाळे स्पॅनर आहे हे सिद्धच करावे लागत नाही. सिद्ध करायचे ते उलटे: दुवे फार होत नाहीत, आणि त्यांची एकूण लांबी किमान जोडणी-वृक्षाच्या स्थिर पटीतच राहते. इंगो आल्थोफर, गौतम दास, डॉबकिन, डेबोरा जोसेफ आणि होझे सोआरेस यांच्या 1993 च्या निबंधाने ही रीत रूढ केली, आणि प्रयोगांत तिने काढलेली जाळी इतरांहून ठळकपणे सडपातळ निघतात. ती इतकी चांगली का, याचे समाधानकारक उत्तर बऱ्याच उशिरा आले. 2016 मध्ये अर्नोल्ड फिल्टसर आणि शाय सॉलोमन यांनी ती एका नेमक्या अर्थाने सर्वोत्तम असल्याचे दाखवले, आणि 2019 मध्ये हुंग ले आणि सॉलोमन यांनी t हा 1 च्या अगदी जवळ नेला असता दुवे आणि लांबी किती वाढतात, याचा अचूक हिशेब दिला. तिचा दोष एवढाच, की ती सर्व जोड्या पाहते. कोटीभर बिंदू असतील तर तेवढी सवड कोणाकडे नसते.

म्हणून चौथी कल्पना. पॉल कॅलाहन आणि राव कोसराजू यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही विभागणी बिंदूंच्या गटांच्या जोड्या करते, अशा की जोडीतले दोन गट आपापल्या आकाराच्या मानाने एकमेकांपासून खूप दूर असतील. एवढ्या दुरून पाहिले तर गटातला कोणताही बिंदू कोणत्याही दुसऱ्यासारखाच. म्हणून गटांच्या जोडीमागे एक दुवा पुरतो. आणि अशा जोड्या बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणातच लागतात, तिच्या वर्गाच्या नव्हे. तारकांच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब जलद करणाऱ्या रीती 1986-87 मध्ये याच विचाराने निघाल्या होत्या: दूरचा तारकापुंज एका बिंदूत गोळा करून मोजायचा. भौतिकशास्त्रातल्या त्या युक्तीला इथे काटेकोर हमी मिळाली. पुस्तकाच्या वाचकाने एकच रीत शिकायची असेल, तर मी हीच सुचवेन. ती कोणत्याही मितीत चालते, आणि तिच्यामागचा विचार स्पॅनरच्या पलीकडे पुष्कळ ठिकाणी कामी येतो.

सगळ्याच देखण्या रचना वचन पाळत नाहीत, हेही इथे सांगायला हवे. दोन बिंदूंना जोडणारा दुवा व्यास धरून वर्तुळ काढा आणि ते रिकामे असेल तरच दुवा ठेवा, हा गॅब्रिएल आणि सोकल यांचा 1969 चा नियम. देलोनेच्या नियमासारखाच दिसतो, आणि ते जाळे देलोनेचाच भाग असते. पण काही मांडण्यांत त्याचा वळसा बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाइतका वाढत जातो. गॉडफ्राइड तूसाँ यांच्या 1980 च्या आणखी विरळ नियमात तो थेट संख्येच्याच प्रमाणात वाढतो. अगदी थोडे दुवे काढून टाकले, आणि हमी पूर्ण गेली. बिनतारी उपकरणांच्या जाळ्यांत संदेश पुढे पाठवण्यासाठी 2000 च्या आसपास हेच दोन नियम सर्रास वापरले गेले, कारण प्रत्येक उपकरणाला फक्त शेजारी पाहून ते पाळता येतात. संदेश पोचत असे. किती फिरून पोचेल, याची खात्री नसे.

त्याच बिनतारी जाळ्यांनी एक वेगळा प्रश्न पुढे आणला, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जाळ्यात छोटी वाट आहे, हे एक. पण ज्याच्या हातात पूर्ण नकाशा नाही, फक्त आपले शेजारी आणि मुक्कामाचा पत्ता माहीत आहे, त्याला ती सापडेल का? 6 फाकांतल्या एकाआड एक फाकांच्या आलेखासाठी याचे अचूक उत्तर आहे. वाट सरळ अंतराच्या 2 पटीत असते. शेजारच्यांच्या माहितीवर चालणाऱ्याला मात्र 5/√3, म्हणजे 2.89 पटीपेक्षा चांगली हमी कोणतीच रीत देऊ शकत नाही, आणि तेवढी देणारी रीत उपलब्ध आहे. 2 आणि 2.89 यांतला फरक म्हणजे नकाशा हाती नसल्याची नेमकी किंमत. असे फरक गणिताने मोजता येतात हे कळल्यावर या विषयाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

आज हा विषय पुन्हा निकडीचा झाला आहे तो वेगळ्याच दारातून. शब्द, वाक्ये, चित्रे आता संगणकात शेकडो मितींच्या अवकाशातले बिंदू म्हणून साठवली जातात, आणि दिलेल्या बिंदूला सर्वांत जवळचे बिंदू क्षणात शोधणे हे शोधयंत्रांचे रोजचे काम झाले आहे. त्यासाठी सर्वाधिक वापरात असलेल्या रचना म्हणजे आलेखच: बिंदूंना मोजके दुवे टाकायचे, आणि प्रत्येक पावलाला लक्ष्याच्या जवळ नेणारा शेजारी निवडत जायचे. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या चमूने 2019 मध्ये मांडलेली डिस्क-एएनएन ही पद्धत अब्जभर बिंदूंवर 64 जीबी स्मृतीच्या एका यंत्राने शोध घेऊ शकली. तिच्यात कोणता दुवा ठेवायचा आणि कोणता छाटायचा हे ठरवणारा नियम वाचला, तर तूसाँ यांच्या नियमाचे आणि हावऱ्या रीतीचे नाते लगेच ओळखू येते. पण फाकांची संख्या मितींबरोबर घातांकी वेगाने वाढते. दोन मितींत 12 फाका पुरतात, शंभर मितींत ती कल्पनाच कोलमडते. या नव्या रचना व्यवहारात उत्तम चालतात, त्यांच्या हमीचे गणित मात्र मागून येत आहे. 2023 मध्ये प्योत्र इंडिक आणि हाइके शू यांनी दाखवले, की लोकप्रिय रचनांपैकी काहींना फसवणारी बिंदूंची मांडणी करता येते, आणि काही अटींखाली डिस्क-एएनएनच्या संथ बांधणीला हमी देता येते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेले प्रश्नच इथे नव्याने उभे आहेत. यंत्रमानवांच्या हालचालींचे आराखडे विरळ करण्यातही स्पॅनर वापरले जातात, आणि फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नाचे जवळपास अचूक उत्तर जलद काढण्यात 1998 मध्ये सतीश राव आणि वॉरन स्मिथ यांनी त्यांचाच आधार घेतला होता.

या विषयाचा आधारग्रंथ गिरी नरसिंहन आणि मिशिएल स्मिड यांचा, 2007 साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढलेला. तो अभ्यासकांसाठी आहे, आणि संपूर्ण आहे. प्रस्तुत पुस्तकाचा हेतू निराळा. दहावीच्या पुढची त्रिकोणमिती आणि वर्तुळाचे गुणधर्म ज्याला आठवतात, आकृती काढायचा ज्याला कंटाळा नाही, अशा मराठी वाचकाला या क्षेत्रातल्या मोजक्या सिद्धता पूर्ण, कुठेही हात न झटकता वाचता याव्यात, एवढी माझी इच्छा आहे. म्हणून निकालांची लांबलचक यादी टाळली आहे. एखाद्या सिद्धतेत शेवटचा दशांश मिळवण्यासाठी वीस पाने लागत असतील, तर मी जाडसर मर्यादा सिद्ध केली आहे आणि बारीक कुठे मिळते हे सांगून पुढे गेलो आहे. शियांची 1.998 ची सिद्धता म्हणूनच इथे नाही. कील आणि गटविन यांची आहे. भूमितीशिवायचे, नुसत्या आलेखांवरचे स्पॅनर हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, त्याला मी फक्त तोंडओळखीपुरता स्पर्श केला आहे.

सिद्धतांइतकीच जागा मी न सुटलेल्या प्रश्नांना दिली आहे, कारण इथले कितीतरी प्रश्न विधान म्हणून शाळकरी मुलालाही समजतात. चौरसाचे चार कोपरे घ्या. दुवे एकमेकांना छेदू द्यायचे नसतील तर एकच कर्ण टाकता येतो, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना √2 पट चालावे लागते. न छेदणाऱ्या कोणत्याही जाळ्यासाठी याहून कठीण मांडणी कोणती? नियमित 23 बाजूंच्या बहुभुजाच्या शिरोबिंदूंवर 1.43 च्या खाली जाता येत नाही, हे 2016 मध्ये अॅड्रियन दुमित्रेस्कू आणि अनिर्बाण घोष यांनी दाखवले. 1.43 पासून शियांच्या 1.998 पर्यंतचा सगळा पट्टा मोकळा पडला आहे.

किंवा हा प्रश्न घ्या. न छेदणारे जाळे हवे, वळसा ठरावीक पटीत हवा, आणि एका बिंदूला फार दुवे लागू नयेत अशीही अट आहे. किती दुव्यांत भागेल? 2005 मध्ये उत्तर 27 होते. ते हळूहळू 6 वर आले. 2015 मध्ये 4 वर आले, तेव्हा वळसा 156.82 होता, वर्षभरात तो 20 झाला. 2 दुव्यांत हे अशक्य आहे; ते का, हे जाळीदार मांडलेल्या बिंदूंवर वाचकाने स्वतः करून पाहावे. दुवे एकमेकांना छेदू दिले तर 3 पुरतात, हे 1996 पासून माहीत आहे. बिंदू बहिर्वक्र बहुभुजाच्या कोपऱ्यांवर असतील तर न छेदताही 3 पुरतात. कागदावर कसेही विखुरलेले बिंदू, न छेदणारे दुवे आणि प्रत्येक बिंदूला फार तर 3, या तिन्ही अटी एकत्र पाळणारे जाळे नेहमी मिळते का, हे अजून कोणालाही सांगता आलेले नाही.